अण्णांनी रेडिओ लावला त्या दिवशी

अण्णांनी गाडीत रेडिओ लावला तेव्हा मला आधी वाटलं, यांच्या अंगातबिंगात आलंय की काय.

पहाटेचे सव्वापाच वाजले होते. कराडच्या अलीकडच्या हॅचरीच्या दारात टेम्पो उभा होता आणि मागं चाळीस खोकी भरून झाली होती. एकेका खोक्यात कोंबडीची एक दिवसाची शंभर पिल्लं, वर दोन जादा, कारण वाटेत एखाददुसरं दगावतंच. पहाटेचं वारं पिल्लांना सोसत नाही म्हणून अण्णांनी दोन्ही बाजूंच्या ताडपत्र्या खाली सोडून दोऱ्या बांधल्या. मग ते स्टेअरिंगवर बसले, सीटखालून फडक्यात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर काढला, काचेपुढं ठेवला आणि त्याचा कान पिळला. कुणीतरी पेटीवर भजन म्हणत होतं.

"ह्यो कुणाचा?" मी विचारलं.

"घेतला," अण्णा म्हणाले. "दार नीट लागलं का बघ."

हे केवढं आक्रीत होतं, ते कळायला अण्णांची गाडी ठाऊक पाहिजे. सतरा वर्षं ते पिल्लांची गाडी चालवत होते, आणि त्या गाडीत गाणं तर सोडाच, खोकायचीसुद्धा चोरी होती. सीटच्या पाठीमागं एक जाळी होती. तिच्यातून पिल्लांचा आवाज केबिनमध्ये यायचा आणि तो ऐकत ऐकत अण्णा गाडी हाकायचे. पिल्लं बरी असली की बारीक, एकसारखी किलबिल करतात. थंडी वाजली की टिपेला जातात. उकडायला लागलं की आवाज उतरत जातो. "पिल्लू वराडतंय तवर भ्यायचं न्हाई," अण्णा म्हणायचे, "गप झालं की भ्यायचं." दुसरे ड्रायव्हर टेप लावून, पान खाऊन, शिट्ट्या मारत जायचे आणि त्यांच्या गाडीतली पिल्लं मरायची. अण्णांच्या गाडीतली मरत नव्हती, म्हणून लांबची खेप नेहमी त्यांच्याकडं यायची.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायची. एकदा मी मुठीत चिंचोके घेऊन खुळखुळ करत बसले होते. अण्णांनी काही न बोलता माझी मूठ उघडली आणि चिंचोके खिडकीतून रस्त्यावर फेकले. पुढं अर्ध्या मैलावर गाडी थांबवली, म्हणाले, "मागं उजव्या कोपऱ्यात गारठल्यात." जाऊन बघितलं तर खरंच त्या कोपऱ्यात ताडपत्री हातभर फाटलेली. चार हजार पिल्लांतून त्यांनी तो कोपरा ऐकला होता. त्या दिवशी मला माझ्या बापाची भीती वाटली, आणि शाळेत जाऊन सगळ्यांना सांगावं असंही वाटलं.

पण या खेपेला मी एकवीस वर्षांची होते आणि सुट्टीला चालले नव्हते. दिघंचीच्या पुढं माझं सासर होतं, तिकडं अण्णा मला सोडायला निघाले होते. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि पळून माहेरी यायची माझी ती तिसरी वेळ. आईला मी सगळं सांगितलं. आई तोंडाला पदर लावून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "बापाला सांगू नको. डोस्क्यात राख घालून घेतील, तिकडं जाऊन काय करून बसतील त्याचा नेम न्हाई." पाच दिवस मी तोंड शिवून बसले. सहाव्या दिवशी दिघंचीची पिल्लं निघाली आणि आईनं माझी पिशवी भरली.

मी मनाशी ठरवलं होतं, गाडीत सांगायचं. तिथं आई नाही, शेजारपाजार नाही आणि चार तासांचा रस्ता. आजवर त्या गाडीत तोंड उघडलं नव्हतं, आज ओरडा खाऊन का होईना, दिघंची यायच्या आत सांगून टाकायचं. नाहीतर मी त्या घरात परत जाणार होते, आणि तिथं मे महिना काही मी जिवंत काढणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ऐकलं की अण्णा गाडी वळवतील, याचीही मला खात्री होती. आणि नेमका त्याच दिवशी या माणसानं रेडिओ आणला!

कडेगावपर्यंत भजनं झाली. एक संपून दुसरं लागायच्या मधे जरा उसंत मिळाली तशी मी म्हणाले, "अण्णा, मला बोलायचंय."

"हां?"

"तिकडचं. घरातलं."

"बातम्या लागल्या बघ," अण्णा म्हणाले आणि त्यांनी आवाज वाढवला.

बातम्या झाल्या. शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम झाला, त्यात एक साहेब डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलत होता. अण्णांनी जन्मात डाळिंब लावलं नव्हतं. तरी ते मान डोलवत ऐकत होते. विटा आलं आणि गेलं. सूर्य चांगला वर आला होता आणि माझ्या बाजूच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. पण माझं लक्ष त्यात नव्हतं. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, कुठून सुरू करायचं, काय आधी सांगायचं आणि काय बापाला सांगता येणार नाही.

"अण्णा, माझं जरा ऐकता का?"

त्यांनी परत कान पिळला. आता सिनेमाची गाणी लागली होती आणि एवढ्या मोठ्यानं, की पुढच्या बैलगाडीवाल्यानं वळून बघितलं.

भिवघाट ओलांडल्यावर चहाला थांबलो. अण्णा उतरले ते रेडिओ काखेत मारूनच. बाकड्यावर बसले आणि तो मांडीवर ठेवला, लेकराला घेतात तसा. ज्या माणसाला आरतीची दोन कडवी धड म्हणता येत नव्हती, त्याला आज गाण्यांचा एवढा पुळका कुठून आला, मला कळेना. माझा जीव टांगणीला लागला होता. निम्म्याहून जास्त रस्ता संपला होता.

"तो बंद करा की घटकाभर," मी म्हणाले.

"चांगलं गाणं लागलंय."

"मला तिकडं जायचं न्हाई, अण्णा."

त्यांनी बशीतला चहा संपवला. माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैशाखात मंगलची तारीख धरलीया. ध्यानात हाय न्हवं?"

मंगल माझी धाकटी बहीण. थोरली घरी येऊन बसली की धाकटीचं मोडतं, हे सांगायला मला शाळेत जावं लागत नव्हतं. अण्णांनी चहाचे पैसे दिले, रेडिओ उचलला आणि आम्ही निघालो. मागच्या ताडपत्र्यांकडं त्यांनी बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

आटपाडी मागं पडलं. माणदेशातला तो उजाड रस्ता, दोन्ही बाजूंना बाभळी आणि पांढरी ढेकळं. साडेनऊ वाजून गेले होते. पुढं एका टेकाडाच्या आडोशाला रेडिओ खरखरायला लागला. अण्णा एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं कान पिळत होते, पण कुठलंच स्टेशन लागेना, नुसतीच खरखर. तरी ते बंद करत नव्हते. ती खरखर ऐकत माझा बाप गाडी चालवत होता! माझं डोकं सटकलं. मी हात लांब केला आणि बटण बंद केलं.

गाडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा राहिला.

मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. जाळीतून काहीच येत नव्हतं. अण्णांच्याही ते ध्यानात आलं होतं. त्यांनी मान जरा वाकडी केली, ऐकलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला.

"उजा," ते म्हणाले, "ताडपत्र्या."

गाडी रस्त्याच्या खाली एका लिंबाशी थांबली. मी अजून दार उघडत होते तोवर अण्णा मागं पोहोचले होते. दोऱ्या सोडायला त्यांची बोटं चालेनात. त्यांनी दातांनी गाठ ओढली. ताडपत्री वर केली तशी आतून जी वाफ आली, ती तोंडावर घेतल्यावर मी दोन पावलं मागंच सरले.

"खोकी काढ. सावलीत मांड. एकावर एक ठिऊ नको."

मी खोकी काढायला लागले. झाकण उघडलं की आत ती पिवळी पिल्लं पंख पसरून पडलेली, चोची उघड्या, डोळे अर्धे मिटलेले. काहींची छाती भराभरा वरखाली होत होती. काहींची होत नव्हती.

"पाणी मारू का?"

"भिजवू नको, मरतील. बोट बुडवून चोचीला लाव. आन वारं घाल."

मी पदर सोडला आणि पदरानं वारा घालायला लागले. अण्णा खोक्याचं झाकण घेऊन वारा घालत होते. चाळीस खोकी आणि आम्ही दोघं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं, वारा घालायचा, चोचीला पाणी लावायचं, मेलेली उचलून बाजूला टाकायची. तेवढ्यात लुनावरून एक माणूस आला, थांबला, आरामात पाय टेकले आणि विचारलं, "गावठी हाईत का इंग्लिश?"

"पुढं जा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून तो गेलाच.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. माझे खांदे भरून आले होते. सातव्या का आठव्या खोक्याशी मी वाकले होते, आतल्या पिल्लाची मान माझ्या बोटावर लोंबत होती, आणि सकाळपासून जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी म्हणाले, "मला पण असंच कोंडत्यात, अण्णा."

ते वारा घालत राहिले.

"रानात विहिरीवर मोटारीची खोली हाय. वर पत्रा. भाकरी करपली, उत्तर दिलं, मंगलला चिठ्ठी लिहिली, कायबी असू दे, हे मला तिथं घालत्यात आन बाहेरनं कडी लावत्यात. मागल्या खेपेला सकाळी घातलं ते दिवस मावळताना काढलं. पाणी न्हाई. मी जमिनीला तोंड लावून पडले हुते, दाराच्या फटीशी."

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाले.

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काय म्हाईत हाय?"

"खोलीचं. माघात त्या गावचा एक माणूस भेटला हुता दिघंचीत. त्यानं सांगितलं."

माघ, फाल्गुन, चैत्र. मी बोटांवर मोजलं. माघानंतर, या खेपेच्या आधी, मी दोनदा माहेरी आले होते. दोन्ही खेपेला यांनीच मला गाडीत बसवून परत नेऊन सोडलं होतं.

"आन तुम्ही काय केलं?"

"काय न्हाई." त्यांनी झाकण खाली ठेवलं. "मी म्हनलं, लोक वाढवून सांगत्यात. रानात चार मानसं आसत्यात. कुनाला कोंडलं आसतं तर ती वराडली आसती. कुनी तरी ऐकलं आसतं, दार उघडलं आसतं. मी सोताशी आसंच म्हनत ऱ्हायलो."

"मी वराडले की! घसा फुटस्तवर वराडले. मोटार चालू आसती आतमधी. कोन ऐकनार?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसातलं ते पहिलंच बघणं.

"आन रेडिओ?" मी विचारलं. "त्यो कशाला आनला?"

एक पिल्लू त्यांच्या तळहातावर होतं, त्याच्या चोचीला ते पाणी लावत होते.

"तू बोलशील म्हनून," ते म्हणाले. "तू तुझ्या तोंडानं सांगितलं आसतंस, तर मला तुला तिथं सोडून येता आलं नसतं."

मी आजवर कुणावर एवढी चिडले नाही. नवऱ्यावरसुद्धा नाही, कारण नवऱ्याकडून मला काही अपेक्षा नव्हती. मी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि काय काय बोलले, ते सगळं मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, चार हजारातलं एक पिल्लू गारठलं तर तुम्हाला कळतं, आणि पोटची पोर तीनदा पळून आली तरी तुम्ही बातम्या लावता. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मधे त्यांनी "वारं घाल, उजा," एवढंच म्हटलं आणि मी रडत, शिव्या देत पदर हलवत राहिले, कारण पिल्लांचा काय दोष होता?

मग एका खोक्यातून आवाज आला. अगदी बारीक. मग शेजारच्या खोक्यातून. दोघंही गप्प होऊन ऐकायला लागलो. हळूहळू लिंबाखाली किलबिल सुरू झाली, पहिल्यासारखी नाही, पण सुरू झाली. अण्णा मटकन खाली बसले.

दिघंचीच्या इलाही मुल्लांनी शेड तापवून, भुसा पसरून सगळी तयारी करून ठेवली होती. पन्नाशीचा सरळ माणूस, अण्णांकडूनच पिल्लं मागवणारा. पोहोचायला आम्हाला अकरा वाजले. अण्णा गाडीतून उतरले आणि मुल्लांनी काही विचारायच्या आत म्हणाले, "मुल्लासाब, दोन खोक्यांएवढी गेली. चूक माझी हाय. ताडपत्र्या वर करायचं ऱ्हायलं."

"तुमचं? ऱ्हायलं?"

"रेडिओ लावला हुता."

मुल्लांनी काचेपुढच्या रेडिओकडं बघितलं, मग माझ्या रडून सुजलेल्या तोंडाकडं बघितलं. "आदमी हाय, हुतंय कवा तरी," म्हणाले आणि मला म्हणाले, "बेटी, आत जा, पानी पी."

मी पाणी प्यायले, पण माझा राग आणखीच चढला. दोन खोकी पिल्लांची चूक या माणसानं परक्याच्या अंगणात एका दमात कबूल केली. आणि माझी?

परत निघालो. गावाबाहेर रस्त्याला फाटा होता. उजवीकडं आटपाडी, विटा, घर. डावीकडं सासर, चार किलोमीटर. अण्णांनी फाट्यावर गाडी जरा सावकाश केली आणि डावीकडं वळवली.

एवढं सगळं होऊनही? मला वाटलं, चालत्या गाडीतून उडी टाकावी. हात दाराच्या मुठीवर गेलाही होता.

"तुम्ही मला तिथंच सोडनार?"

मागची खोकी रिकामी, केबिनमध्ये पत्र्याच्या खडखडाटाशिवाय आवाज नाही. चार किलोमीटर संपायला किती वेळ लागतो! गावाच्या अलीकडं आमचं, म्हणजे सासरचं, रान रस्त्याला लागूनच होतं. तिथं आल्यावर त्यांनी विचारलं, "खोली कुठली?"

मी बोट दाखवलं. विहिरीच्या काठावर, कडवळाच्या पट्टीपलीकडं, चार भिंतींवर पत्रा. त्यांनी गाडी थांबवली.

"घरात कोन आसंल आता?"

"बाजारचा दिवस हाय. हे आटपाडीला गेलं आसतील. आत्या आसतील इथंच कुठंतरी, वैरणीला." सासूला मी आत्या म्हणायची.

"चल," म्हणून ते उतरले.

ऊन डोक्यावर आलं होतं. विजेची वेळ होती, मोटार चालू होती, पाटाला पाणी सुटलं होतं. अण्णा खोलीपाशी गेले, दार ढकललं आणि आत डोकावले. मोटारीच्या आवाजानं दारसुद्धा थरथरत होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्या हातात दिली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी आत जातो. बाहेरनं कडी घाल. वीस हाका मारतो. त्या बांधापतुर चालत जा आन कुठंवर ऐकू येतंय ते बघ."

"अण्णा, काय तरीच काय?"

"कडी घाल म्हनलं न्हवं."

मी कडी घातली. आजवर ती कडी मी आतून ऐकली होती, बाहेरून कधी लावली नव्हती. गंजलेली होती, जोर करावा लागला.

दाराशी उभी राहून मी ऐकलं. काही नाही. कान दाराच्या पत्र्याला लावला, भाजला, तेव्हा कुठं मोटारीच्या घरघरीखाली काहीतरी होतं. माझं नाव होतं. उजा. मग थांबून परत, उजा. मी एक पाऊल मागं आले आणि ते गेलं. दोन पावलं, पाच, दहा. बांधावर जाऊन उभी राहिले. शेजारच्या रानात दोन माणसं आणि एक बाई कांदा काढत होती. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. त्यांचं आपलं काम चाललं होतं. कितीतरी वेळा मी आतून त्यांच्याच नावानं ओरडले होते, आणि मनात म्हणाले होते, मेल्यांना दया नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं.

वीस हाकांना किती वेळ लागतो, मी मोजलं नाही. खोटं कशाला बोलू, वेळ होऊन गेला हे मला कळत होतं तरी मी लगेच परत फिरले नाही. बांधावर अण्णांची टोपी हातात धरून मी उभी राहिले. आत काय होतं ते त्यांना नीट कळू दे, असं मला वाटत होतं. त्याची मला अजून लाज वाटत नाही.

"कोन गं ते? उजाच का?"

आत्या कडवळातून बाहेर आल्या, डोक्यावर वैरणीचा भारा. मला बघून त्यांनी भारा खाली टाकला. "आलीस व्हय? आन घरी जायचं सोडून हितं काय करतीस?"

मी दाराकडं चालायला लागले. त्याही मागून आल्या. दाराशी आल्यावर त्यांनी लावलेली कडी बघितली.

"कडी कुनी लावली? आत कोन हाय?"

"माझा बाप हाय."

"आत्ता! कुनी कोंडलं त्यास्नी?"

"मी."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी कडी ओढली, ती अडकली, परत ओढली. दार उघडलं तसे अण्णा भिंतीला धरून बाहेर आले. सदरा अंगाला चिकटला होता, डोळे लाल झाले होते. ते खाली वाकले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिले. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. विचारायचं काय ते डोळ्यांनीच विचारलं.

"दाराला कान लावला तर," मी म्हणाले. "बांधावर न्हाई. तिथनं एकबी न्हाई."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही बघितलं नाही.

"पाव्हणं, ही काय तऱ्हा म्हनायची?" आत्या मोठ्यानं म्हणाल्या. "पोरीला सोडायला आला ते सरळ घरी यायचं. चहापानी घ्यायचं. हितं काय पोरखेळ मांडलाय?"

अण्णा उभे राहिले. आत्यांसमोर जाऊन त्यांनी हात जोडले आणि काहीतरी बोलले. ओठ हलले, मला दिसले, पण घशातून शब्द येत नव्हता. हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला होता, आणि उघड्या दारातून मोटारीचा आवाज तर दुप्पट झाला होता.

"काय म्हंता?" आत्यांनी कानाला हात लावला.

अण्णांनी परत प्रयत्न केला. नाही आला आवाज. मग ते माझ्याकडं वळले.

"सोडायला न्हाई आले," मी म्हणाले. "न्यायला आल्यात मला. मी पुन्हा हितं यायची न्हाई!"

हे मी मोटारीच्या वरताण आवाज काढून म्हणाले. बांधापलीकडची कांदा काढणारी तिन्ही माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली आणि आमच्याकडं बघायला लागली.